उन्हात न टिकणारे रंग

मागच्या आठवड्यात एक मुलगी होणाऱ्या नवऱ्याला घेऊन माझ्या गोडाऊनवर आली. ताडकळसला माझं मंडप-डेकोरेशनचं काम आहे; कापड, खांब, खुर्च्या, स्टेज सगळं माझं, फुलं तेवढी दुसऱ्याची. मुलीने मोबाइल माझ्या नाकापर्यंत आणला आणि म्हणाली, "काका, स्टेज असा पाहिजे. ऑफ-व्हाइट आणि ब्लश पिंक." मी चष्मा वर-खाली करून बघितलं. पांढरी फुलं आणि गुलाबी फुलं, बाकी काही नाही. आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ताई, ते आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही."

मुलगी हिरमुसली. नवरा मुलगा लगेच मान डोलवायला लागला. त्याला कुठलाही रंग चालला असता, लवकर सुटका हवी होती. दोघं पिवळ्या-केशरीवर राजी होऊन गाडीपर्यंत गेले, तेव्हा मी त्यांना परत बोलावलं आणि सांगितलं की टिकतं, करून देतो. त्यांना वाटलं असेल, म्हातारा घडीत एक बोलतो, घडीत एक. वाटू द्या. ते वाक्य साफ खोटं आहे आणि मी ते अठरा वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला न चुकता सांगितलं. बोलायचो मी, पण ते होतं मन्मथअप्पा फुलाऱ्यांसाठी.

अप्पांचं दुकान महादेवाच्या देवळाला लागून होतं. दुकान म्हणजे एक फळी, दोन पाट्या आणि मागे पाण्याचा रांजण. अंगाने काटक माणूस. कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पांढरा सदरा, आणि बोटं देठांच्या रसाने कायमची हिरवट काळी. घराणं लिंगायतांचं, धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा फुलांचा. सकाळी देवळाचे हार, बाजारच्या दिवशी सुटी फुलं, आणि लग्नसराईत आसपासच्या वीस-पंचवीस गावांचे मंडप. एवढी फुलं हातातून गेली, पण अप्पांनी फूल नाकाला लावलेलं मी एकदाही बघितलं नाही. "वास आदी देवाचा," म्हणायचे. मी एकदा सहज निशिगंधाची काडी उचलून हुंगली, तर ती काडी त्यांनी माझ्या हातातून घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ही आता तुमीच घरी घेऊन जावा."

लग्नाचा रंग ठरवायची त्यांची रीत साऱ्या तालुक्याला माहीत होती. ते दुकानात बसून रंग ठरवत नसत. कुणी फोटो दाखवला तर बघायचेच नाहीत. "फटू कुठल्या गावचा हाय? तिथलं ऊन येगळं, तिथल्या लाइटी येगळ्या," म्हणायचे. मग पिशवीत सात-आठ जातीची मूठ-मूठ फुलं टाकून नवरीच्या घरी जायचे. पाणी प्यायचे, चहाला नको म्हणायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "शालू दाखवा."

शालू आला की तो आतल्या ट्यूबलाइटखाली उघडू द्यायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर, उजेडात. एक पदर पसरायचा आणि त्यावर एकेक मूठ ठेवायची. झेंडू ठेवला, उचलला. शेवंती ठेवली, उचलली. मग नवरीला म्हणायचे, "माय, हात दे जरा." पोरगी लाजत हात पुढे करायची, तो हात शालूवर आणि फुलं हाताशेजारी. हे सगळं पाव तासात उरकायचं. त्यानंतर ते निकाल सांगायचे आणि पिशवी गुंडाळायचे. त्यावर अपील नाही. मोठमोठे बागायतदार, पंचायत समितीचे मेंबर, सगळे गपगुमान ऐकायचे. माझं तर ते कुणीच ऐकत नाहीत.

रंग दोनच, हा त्यांचा कायदा. कुणी तिसरा मागितला की म्हणायचे, "तिसरा रंग पाव्हण्याच्या बायका घेऊन येतेत. पाचशे लुगडी येणार मांडवात, आपून कुटं भांडत बसावं त्येंच्याशी?" आणि दुसरं म्हणजे, "फुलानं नवरीला झाकू नये." पुण्याहून इव्हेंटवाला आणून केलेलं एक लग्न मी त्यांच्याबरोबर बघायला गेलो होतो. स्टेजवर फुलांचा डोंगर होता. अप्पा बराच वेळ उभे राहिले आणि मला हळूच विचारलं, "भगवानराव, ह्येच्यात पोरगी कुटं हाय?"

इंग्रजी रंगांशी त्यांचं वैर नव्हतं, ओळखच नव्हती. एका पोरीने 'पीच' मागितला. अप्पा म्हणाले, "ते फळ म्या बघितलं न्हाई, लेकरा. पपई बघितली. पपई चिरल्यावर आतून दिसतो तसला म्हनतीस का?" पोरगी हसली, पण तिला नेमकं तेच हवं होतं. पिवळे तर त्यांच्याकडे कितीतरी होते: हळदीचा पिवळा, पिकल्या लिंबाचा, करडीच्या फुलाचा, हरभऱ्याच्या डाळीचा. मला सगळे सारखेच दिसायचे. मी तसं म्हणालो की ते माझ्याकडे आंधळ्याकडे बघावं तसं मायेने बघायचे.

आमचं भांडणही झालं एकदा, चांगलं पंधरा दिवस बोलणं बंद. मी हौसेने नवीन जांभळं कापड घेतलं होतं आणि त्याला शोभतील असे जांभळे लाइट. पहिल्याच लग्नात लावलं. पाव्हणे यायला तीन तास होते, अप्पांचा झेंडू बांधून झाला होता. त्यांनी वायरमनला लाइट लावायला सांगितलं. जांभळ्या उजेडात तो सोन्यासारखा झेंडू विटकरीसारखा दिसायला लागला. अप्पा खाली बसले आणि म्हणाले, "कापड काडा." मी म्हणालो, फुलं काढा. ते म्हणाले, "फुलाला म्या रंग दिल्याला न्हाई. कापडाला तुमी दिलाय. मंग बदलायचं कुनी?" नवरीचा बाप मध्ये उभा, त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. शेवटी कापड निघालं. ते अजून गोडाऊनमध्ये पडून आहे. त्यावर आता मांजर व्यालेली आहे.

हे असं असलं तरी माणूस हट्टी नव्हता, तोडगा काढणारा होता. एका गावी ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन आठ दिवस झाले होते आणि लग्न आलं. नवरीचा बाप एका पॅनलचा, मामा दुसऱ्या पॅनलचा. बापाच्या पॅनलचे फेटे केशरी होते, मामाच्या पॅनलचे पिवळे. बाप म्हणाला, मांडवात पिवळं फूल दिसलं तर मी बसणार नाही. मामाने निरोप धाडला, केशरी दिसलं तर मी मामा म्हणून उभा राहणार नाही. आता मामाशिवाय लग्न कसं लागायचं? त्या दिवशी अप्पांनी मला न सांगता काम केलं. गेटवर गडद केशरी झेंडू. मग प्रत्येक खांबाला थोडा थोडा फिका, थोडा थोडा फिका, करत करत स्टेजवर पोहोचेस्तोवर लिंबासारखा पिवळा. मधे कुठे बदलला ते कुणालाही बोट ठेवून दाखवता आलं नसतं. बाप गेटवर उभा राहून मिशीवर हात फिरवत होता, मामा स्टेजवर. दोघांनी मला वेगवेगळं गाठून सांगितलं की अखेर आमचंच चाललं. अप्पा तोवर देवळाची संध्याकाळची पूजा गाठायला निघून गेले होते.

ते नेहमीच निघून जायचे. अक्षता पडायच्या वेळी अप्पा मांडवात कधी नसत. फुलं बांधून झाली, एकदा सगळीकडून बघून झालं, की पाटी उचलायची आणि एसटी नाहीतर कुणाची मोटरसायकल गाठायची. जेवणसुद्धा नाही. पूर्वी थांबायचे, जेवायचे, वाढायलासुद्धा लागायचे. लेक गेल्यापासून बंद केलं.

त्यांना एकच लेक, महानंदा. बायको आधीच गेलेली. महानंदा पौषात माहेरी आली होती, चार वर्षांची पोर बरोबर घेऊन. काविळीचं निमित्त झालं. नांदेडच्या दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. माघातल्या एका पहाटे तिला परत आणलं.

लिंगायतांमध्ये माणसाला आडवं नेत नाहीत. बसवतात. लाकडी पाटावर, पाठीला बांबूचा आधार देऊन, नवी वस्त्रं नेसवून, भस्म लावून, आणि चारी बाजूंनी फुलांनी सजवून मिरवत नेतात. त्याला विमान म्हणतात. गावातल्या प्रत्येक लिंगायत घराचं विमान अप्पाच सजवायचे, दुसरं होतं कोण? आपल्या लेकीचंही त्यांनीच सजवलं. त्या दिवशी दुकानात दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची फुलं येऊन पडली होती, पांढरी शेवंती आणि गुलाबी गुलाब. तीच त्यांनी घेतली. मी बांबू धरायला होतो. त्यांनी महानंदाचं लुगडं नीट केलं, उजेडात डोळे बारीक करून बघितलं, आणि एक गुलाब काढून दुसरीकडे लावला, कारण तो चेहऱ्यावर येत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं होतं. त्या माणसाने मात्र पुढचं फूल उचललं.

महिन्याभराने पहिलं गिऱ्हाईक आलं. कापड ठरवायला मीही अप्पांबरोबर गेलो. शालू बघितला, फुलं ठेवली, आणि नवरीची आई म्हणाली, "आप्पा, पांढरं-गुलाबी लय गोड दिसंल बगा." खरंच गोड दिसलं असतं. अप्पांनी पिशवीत हात घातला आणि तो हात पिशवीतच राहिला. तेव्हा मी म्हणालो, "ताई, ते आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही. दुपारपर्यंत करपतं." अप्पांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीतून झेंडू काढला. परतताना वाटेत त्यांनी मला उसाचा रस पाजला, एवढंच. त्या विषयावर आम्ही एक अक्षर बोललो नाही.

मग ते चालूच झालं. उन्हाळ्यात मी सांगायचो, करपतं. हिवाळ्यात सांगायचो, दंवाने पांढऱ्या पाकळीवर डाग पडतात. इतक्या विश्वासाने सांगायचो की पुढेपुढे पूर्णेचे, पालमचे फुलवालेही हेच सांगायला लागले. या भागात कित्येक वर्षं एकाही मांडवात शेवंती आणि गुलाबी गुलाब एकत्र आले नाहीत. त्याचं कारण हवामान आहे, असं लोक आजही मानतात.

महानंदाची पोर, गिरिजा, अप्पांजवळच वाढली. बापाने दुसरं लग्न केलं आणि तो तिकडे कर्नाटकात गेला. वर्षा-दोन वर्षांनी यायचा, पोरीला फ्रॉक द्यायचा, जायचा. अप्पांनी तिला आईपण दिलं, बापपण दिलं आणि चिक्कार झेंडू दिला. फळीवर बसून ती अभ्यास करायची, गिऱ्हाईक आलं की सुटे द्यायची. हुशार निघाली. परभणीला शेतकी कॉलेजात गेली आणि विषय घेतला फळं-फुलांचा. नांदेडच्या एका चांगल्या मुलाचं स्थळ आलं, तिलाही पसंत पडलं. लग्न मार्गशीर्षात, ताडकळसलाच धरलं.

आता नातीच्या लग्नाचा रंग. आम्हाला सगळ्यांनाच उत्सुकता. अप्पांनी रीतसर पिशवी भरली आणि स्वतःच्याच घरी गेले. मीही गेलो, कापडाचा रंग विचारायचा होता. गिरिजाने मोरपंखी शालू उंबऱ्याबाहेर उजेडात पसरला. अप्पांनी करडीच्या पिवळ्याची मूठ ठेवली. छान दिसत होती. गिरिजा म्हणाली, "अप्पा, मला पांढरी शेवंती आणि गुलाबी गुलाब पाहिजे."

अप्पा म्हणाले, "बघू."

ज्या माणसाला दुसऱ्यांच्या पोरींसाठी पाव तास पुरायचा, त्याला स्वतःच्या घरात अकरा दिवस लागले. रोज तो शालू बाहेर यायचा. अप्पा रोज नवी मूठ ठेवायचे. पिवळा आणि तांबडा. केशरी आणि पांढरा. नुसती हिरवी पानं आणि मोगरा. गिरिजा रोज म्हणायची, "छान हाय अप्पा. पन मला ते पाहिजे." आवाज न चढवता. तिच्या आजोबांचीच नात ती.

बाराव्या दिवशी अप्पा माझ्या गोडाऊनवर आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"भगवानराव, तुमीच सांगा तिला."

"काय सांगू?"

"ते तुमचं. उन्हाचं. तुमची जीभ वळलेली हाय त्याला."

"अप्पा, मार्गशीर्षात कुठलं ऊन?"

"मंग दंवाचं सांगा."

त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. मी संध्याकाळी गेलो. अप्पा देवळात होते. गिरिजा पत्रिकांवर नावं लिहीत बसली होती. मी पाणी प्यालो, इकडचं तिकडचं बोललो आणि मग गंभीर तोंड करून सांगितलं की बाई, थंडीत पांढऱ्या शेवंतीवर दंवाचे डाग पडतात, सगळा स्टेज खराब दिसेल.

तिने पेन खाली ठेवलं. "काका, शेवंती थंडीचंच पीक हाय. थंडी तिला मानवते. हे मला पहिल्या वर्षाला शिकवलंय."

"ते पुस्तकात गं."

"उन्हाळ्यात करपतं म्हणता, ते तर गुलाबाच्या सगळ्याच रंगांच्या बाबतीत हाय. नुसत्या गुलाबीलाच ऊन लागतं का?"

अठरा वर्षं पुरलेलं वाक्य त्या पोरीने दोन मिनिटांत मोडीत काढलं. मग मला जे कधी सांगायचं नव्हतं ते मी सांगून बसलो. "गिरू, तुझ्या आईचं विमान त्या फुलांचं होतं. अप्पांच्या हाताला ती फुलं चालत नाहीत गं. हट्ट सोड."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर लाजेल. ती म्हणाली, "मला माहीत हाय, काका. म्हणूनच तर."

ती पत्रिकांचा गठ्ठा सारखा करत बोलत होती. "आईचे फोटो हायेत घरात. पण ते फोटो. मला स्वतःला आईचं एवढंच आठवतं. आई खुर्चीत बसलीय. नवं लुगडं नेसलीय. आजूबाजूला सगळीकडं पांढरी फुलं अन्‌ गुलाबी फुलं. लई सुंदर दिसायली होती. मला वाटलं, आईचं लग्न हाय. मी तिच्याजवळ बसायला गेले तर कुणीतरी मला उचलून बाजूला नेलं. मला तिथं बसायचं होतं, काका. दुसरं काहीच न्हाई आठवत मला तिचं."

उचलून नेणारा मी होतो. मी ते तिला सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही.

"अप्पाला म्या कसं सांगू?" ती म्हणाली. "तुमीच सांगा."

आजोबा म्हणतात तुम्ही सांगा, नात म्हणते तुम्ही सांगा. दोघं एका छपराखाली राहणार आणि निरोप्या मी. रागच आला मला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाजवळ गेलो. अप्पा हार ओवत होते. मी फळीच्या टोकाला बसलो आणि ती जे बोलली ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांची सुई चालू होती. फूल, फूल, पान. फूल, फूल, पान. मी बोलायचं थांबलो तरी चालूच होती. हार पुरा झाला, गाठ मारली, पाणी शिंपडलं. मग त्यांनी विचारलं, "खुर्चीत म्हनली का?"

"हो. खुर्चीत."

"खुर्ची न्हवती. पाट होता." मग हार पाटीत ठेवत म्हणाले, "चार वर्साचं लेकरू. त्याला खुर्चीच दिसनार."

पुढचा हार त्यांनी घेतला नाही. फळीवरची फुलं उगाच इकडून तिकडे केली. सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, मला दिसेल असेच पुसले, लपवलं नाही. मग म्हणाले, "वालूरकडं एक जन शेवंती लावतो. पांढरी. इथली बारकी हाय, ती न्हाई चालनार. तिकडनंच आनावी लागंल. आन कापड तुमचं सायीच्या रंगाचं ठिवा. तुमच्या त्या जांभळ्यातला एक धागा दिसू देऊ नका."

लग्नाच्या दिवशी सकाळीच स्टेज तयार झाला. अप्पांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. गुलाबाचे काटेसुद्धा स्वतः काढले. मागे सायीच्या रंगाचं कापड, त्यावर दोन्ही बाजूंनी चढत गेलेली शेवंती, आणि गुलाब मोजकेच, मधे मधे. मी या धंद्यात जन्म घालवला आहे, माझ्या कापडावर इतकं देखणं काम दुसरं झालेलं नाही. मधे नवरा-नवरीच्या दोन खुर्च्या. मी म्हणालो, अप्पा, झालं. चला, चहा घेऊ. ते म्हणाले, "तिला बलवा."

गिरिजा आली ती तशीच, हळदीने पिवळी झालेली, जुन्या ड्रेसवर, केस ओले. मागून बायका हाका मारत होत्या, वेणी राहिली, शालू राहिला. ती स्टेजसमोर येऊन उभी राहिली. अप्पा म्हणाले, "बस."

ती पायऱ्या चढून खुर्चीत बसली. अप्पा उलट पावलांनी दहा-बारा हात मागे आले आणि थांबले. नेहमी काम बघताना ते इकडून बघायचे, तिकडून बघायचे, डोळे बारीक करायचे. या वेळी नुसते उभे राहिले. ती हात मांडीवर ठेवून स्थिर बसली होती. तिला वाटलं, आजोबा रंग जुळतो का बघतायत, हलू नये. वायरमनसुद्धा शिडीवर थांबला. माझ्याने तिकडे बघवेना, मी खाली सतरंजीकडे बघत राहिलो.

"ऊठ आता," अप्पा म्हणाले.

ती उठली.

"बस." ती बसली. "ऊठ." ती पुन्हा उठली.

तिसऱ्यांदा बस म्हणाल्यावर तिला हसू आलं. "अप्पा, कामून उठाबशा काढायला लावायलाव? लग्न हाय माझं आज."

"बस, मग सांगतो."

ती बसली. अप्पा म्हणाले, "ऊठ." ती उठली, ड्रेसवरची पाकळी झटकली आणि खाली वाकून त्यांच्याकडे बघायला लागली. अप्पा स्टेजच्या कडेला आले, तिच्या हाताला धरून तिला एकेक पायरी खाली उतरवलं आणि म्हणाले, "काही न्हाई, माय. उटतीस का तेवडं बघायलो होतो. जा, आवर. उशीर व्हायला."